ग्रुपवर आवाज मोठा, मोर्चाला पाय उचलत नाही

समुपदेशनाला येणारी तरुण मुलं हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात: 'फोनवर राजकारणावरून तासन्‌तास भांडतो, पण आंदोलनाला जायची वेळ आली की काहीतरी निमित्त काढून खोलीतच बसतो. आम्ही ढोंगी आहोत का?' त्यातल्याच एका मुलीची ही हकीकत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय 25, गाव सोलापूर जिल्ह्यातलं, मुक्काम पुण्यात नवी पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन, तयारी एमपीएससीची. ऑगस्ट 2024 मध्ये एमपीएससीची राज्यसेवा पूर्व आणि बँक भरतीची आयबीपीएस या दोन्ही परीक्षा एकाच दिवशी, 25 तारखेला आल्या, तेव्हा विद्यार्थी शास्त्री रस्त्यावर ठिय्या देऊन बसले होते. हिची खोली तिथून चालत दहा मिनिटांवर. रात्रभर 'सगळ्यांनी या' असे मेसेज टाकत राहिली, स्वतः मात्र गेली नाही. आयोगाने परीक्षा पुढे ढकलली, ग्रुपवर जल्लोष सुरू झाला आणि हिला रडू कोसळलं. पुढे झोपेचं खोबरं झालं. रात्री दोनपर्यंत अनोळखी माणसांशी वाद आणि सकाळी अभ्यासिकेत पुस्तकावर डोकं.

'भीती वाटते' एवढ्यावर काम करता येत नाही. कशाकशाची, ते कागदावर लिहायला सांगितलं. चार गोष्टी निघाल्या: केस होईल, गर्दीत चेंगरेन, घोषणा देताना हसं होईल, बाबा टीव्हीवर बघतील. ढोंग यात कुठेच नव्हतं. चार वेगळ्या भीतींची मोट बांधली गेली होती आणि त्यातल्या दोन तर माहितीनेच निम्म्या होण्यासारख्या होत्या.

केसची भीती खोटी नाही. पुण्यात पोलीस आयुक्त महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 37 खाली जमावबंदीचे आदेश वरचेवर काढतात, आणि परवानगीशिवाय जमलेल्यांवर गुन्हा नोंदला जाऊ शकतो. म्हणून जाण्याआधी आयोजकांना तीन प्रश्न विचारायचे: परवानगी कोणाच्या नावावर आहे, कोणत्या पोलीस ठाण्याची आहे, किती वाजेपर्यंतची आहे? उत्तर गुळमुळीत आलं तर त्या दिवशी जाऊ नये. ताब्यात घेणं, गुन्हा दाखल होणं आणि अटक होणं या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. अटक झालीच तर 24 तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं. सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करायची तर परिस्थिती अपवादात्मक असावी लागते आणि दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते.

सरकारी नोकरीचं काय? निवड झाल्यावर साक्षांकन नमुना भरावा लागतो, त्यात अटक आणि खटल्यांची माहिती विचारतात. माणूस अडकतो तो बहुधा इथे, माहिती लपवल्यामुळे. अवतार सिंग प्रकरणात (2016) सर्वोच्च न्यायालयाने तरुण वयात घोषणा देण्यासारखी प्रकरणं क्षुल्लक मानली आणि अशी माहिती दडवली गेली असली तरी तिकडे दुर्लक्ष करण्याची मुभा नियोक्त्याला दिली. मुभा आहे, हमी नाही. ती हे घेऊन एका वकिलांकडे जाऊन आली. त्यांचा नंबर मनगटावर पेनने लिहायचा असं ठरलं, कारण फोन ऐन वेळी बंद पडतो.

पहिली पायरी मोर्चाची ठेवलीच नाही. अभ्यासिकांच्या अग्निसुरक्षेबद्दल ग्रुपवर तिने रान उठवलं होतं, तोच विषय घेऊन महापालिकेकडे माहिती अधिकाराचा अर्ज करायचा. महाराष्ट्रात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, मर्यादा 150 शब्दांची. पहिला मसुदा तीन पानी आला! त्यात जाब होता, टोमणे होते, माहिती कोणती हवी तेवढंच नव्हतं. चौथ्या खर्ड्यात 110 शब्द उरले. उत्तर अर्धवट आलं, तेव्हा पहिल्या अपिलासाठी तीस दिवस असतात हे तिला कोणी सांगावं लागलं नाही.

मग गर्दी. भीती सुरुवातीला झपाट्याने चढते आणि माणूस जागेवर टिकला तर हळूहळू उतरते. चढलेली असतानाच पळ काढला तर पुढच्या वेळी ती दुप्पट वाटते. म्हणून गर्दी जमायच्या आत पोहोचायचं आणि निघायचं ते घड्याळ बघून, घाबरून नाही. आधी गुडलक चौकातली छोटी निदर्शनं समोरच्या फुटपाथवरून बघितली. पुढच्या वेळी चाळीस मिनिटं कडेला उभी राहिली, घोषणा द्यायची सक्ती नव्हती. बॅरिकेडला लागून उभं राहायचं नाही, रेटा आला की तिथेच माणूस चेपतो. परतीची गल्ली आधी ठरवायची, सोबत शांत डोक्याची मैत्रीण घ्यायची आणि पोटात काहीतरी असायला हवं. रिकाम्या पोटी उन्हात उभं राहून आलेली घेरी पॅनिकसारखीच वाटते.

त्या वेळी बिघडलं ते फोनमुळे. तिने लाइव्ह सुरू केलं, कमेंट आल्या आणि चौकात उभी राहून ती पुन्हा भांडायला लागली. तेव्हापासून घरी येईपर्यंत फोन खिशात. दुसऱ्यांचे चेहरे तर टाकायचेच नाहीत. साक्षांकन नमुना त्यांनाही भरायचा असतो.

बाबांना आधी सांगितलं, जाऊन आल्यावर नाही.
"अभ्यास सोडून?"
"शनिवारी चार ते पाच, बाबा. तेवढंच."
"बरोबर कोण आहे?"
मैत्रिणीचा नंबर दिल्यावर त्यांनी जेवलीस का विचारून फोन ठेवला.

रात्रीच्या वादांना रोज वीस मिनिटं ठेवली, दहानंतर चार्जर खोलीबाहेरच्या बोर्डला. हे आठवड्यातून दोनदा तरी मोडतं. घोषणा ती अजून देत नाही, परवानगीचे अर्ज आणि निवेदनं लिहिते. त्या कामाला माणूस मिळत नाही, त्यामुळे आयोजक खूश आहेत.

मात्र गर्दीच्या नुसत्या विचारानेही छातीत धडधड, श्वास कोंडणं असे झटके येत असतील किंवा दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, तर या पायऱ्या स्वतःच्या बळावर चढू नका. आधी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.