वाचकांचे प्रश्न : ड्रायव्हर नाही, मग गाडी चालवतंय कोण?

मागच्या अंकात अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या डेट्रॉइट शहरातल्या पीपल मूव्हरबद्दल मी चार ओळी लिहिल्या होत्या. डाउनटाउनमध्ये खांबांवरून फिरणारी, ड्रायव्हर नसलेली दोन डब्यांची छोटी गाडी, एवढंच. त्यावर इतके मेल आले की हा आख्खा कॉलम तिलाच द्यायचं ठरवलं. मी तिथे काही वर्षं गाड्यांच्या कंपनीत नोकरी केलीय, त्यामुळे ही गाडी बरीच पाहिलीय आणि तिच्याबद्दल वाचलंयही बरंच, बाकी मी काही रेल्वेवाला नाही हे आधीच सांगून टाकतो.

प्रश्न : भाच्याने तिथून व्हिडिओ पाठवला. पुढच्या काचेपाशी एक लहान मुलगा नाक लावून उभा, आणि ड्रायव्हर कुठेच नाही! मग गाडी चालवतं कोण? आणि मध्येच बंद पडली तर? (एक वाचक, चिंचवड)

तो मुलगा उभा आहे ना, सगळ्यात भारी जागा तीच. मीही पहिल्यांदा तिथेच उभा होतो, ऑफिसातले चौघंजण ऑटो शो बघायला गेलो होतो, जानेवारीतली थंडी, आणि समोर रूळ असे वळत येतात की आता ही त्या बिल्डिंगमध्येच घुसणार असं वाटतं (एका स्टेशनाला खरंच बिल्डिंगमध्ये घुसते).

आता चालवतं कोण. चालवतो कॉम्प्युटर, पण एक नाही. प्रत्येक गाडीत एक आहे, तो वेग, ब्रेक, दारं बघतो. रुळांच्या मधून एक केबल पसरलेली असते, तिच्यावरून गाडी सारखी सांगत राहते की मी इथे आहे, एवढ्या वेगात आहे, आणि कंट्रोल सेंटरचा कॉम्प्युटर तिला सांगतो की तू फक्त इथपर्यंत ये, पुढे दुसरी गाडी आहे. आपल्या लोकलला कसे ठरलेल्या जागी सिग्नल असतात, लाल म्हणजे थांब, तसं इथे काही नाही, पुढची गाडी सरकली की मागचीची हद्दही तिच्याबरोबर सरकते. याला मूव्हिंग ब्लॉक म्हणतात. आणि बोलणं तुटलं तर गाडी अंदाजाने पुढे जात नाही, सरळ ब्रेक मारून उभी राहते. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात आवडते, कळत नसेल तर थांब, एवढी अक्कल आपल्या रिक्षावाल्यांना असती तर.

पण या सगळ्यावर माणूस बसलेला असतोच. कंट्रोल रूममध्ये भिंतभर स्क्रीन, स्टेशनांवरचे कॅमेरे, आणि डब्यातलं बटण दाबलं की समोरून माणूसच बोलतो. गाडी अडकली तर आधी तिथूनच रीसेट करून बघतात, नाही जमलं तर कोणीतरी गाडीपर्यंत जातं, पुढच्या काचेखाली एक कुलूपबंद झाकण असतं ते उघडतं, आत छोटा कंट्रोल पॅनल असतो, आणि हाताने गाडी पुढच्या स्टेशनला नेतं. म्हणजे ड्रायव्हरची नोकरी गेली असं म्हणण्यापेक्षा तिचे तुकडे झाले असं म्हणा, थोडी कॉम्प्युटरला, थोडी कंट्रोल रूमला, थोडी वर्कशॉपला. आणि वर्कशॉपवाल्यांची तर दुप्पट झाली, कारण ड्रायव्हर असला की तो निदान सांगतो तरी की आज चाकातून आवाज येतोय.

प्रश्न : मिशिगनमध्ये एवढा बर्फ पडतो, मग चाकं घसरत नाहीत का? (एक वाचक, नाशिक)

छान प्रश्न. या गाडीची चाकं लोखंडीच आहेत, रूळही लोखंडी, पण चाकं गाडी ओढतच नाहीत, फक्त वजन पेलतात. ओढते ती लिनिअर मोटर. शेतातल्या पंपाची मोटर घ्या, तिचं बाहेरचं वेटोळं कापून सपाट पसरलं असं समजा, ते झालं डब्याच्या पोटाखाली. आणि आत फिरणारा भाग असतो तो पण सपाट करून दोन रुळांच्या मधे लांबच लांब पट्टी म्हणून टाकलाय, ॲल्युमिनियमची. पंपात आतलं फिरतं, इथे पट्टी पक्की असल्यामुळे डबाच पुढे सरकतो. दोघांमधली फट जेमतेम सेंटिमीटरभर, आणि चुंबक काही घसरत नाही, त्यामुळे ओल्या रुळावरही गाडी व्यवस्थित सुटते आणि चढ चढते.

पण बर्फ दुसरीकडून त्रास देतो. बाजूच्या ज्या पट्टीतून वीज घेतात तिच्यावर बर्फ गोठला की करंट मिळत नाही. कॅनडात टोरांटोला याच बनावटीची स्कारबरो लाइन होती, तिला हिवाळ्यात हेच दुखणं होतं. आणि तिथल्याच व्हँकुव्हर शहरातल्या स्कायट्रेनमध्ये (तीही याच जातीची, बिनड्रायव्हरची) रुळांवर कोणी पडलं तर कळावं म्हणून सेन्सर आहेत, जोरात बर्फ पडला की त्यांना बर्फाचा गोळा आणि माणूस यातला फरक कळेनासा होतो आणि गाडी उगाच थांबते, मग तेवढ्या दिवसांपुरती माणसं गाडीत चढवतात. म्हणजे बिनड्रायव्हरच्या गाडीत बर्फ पडला की ड्रायव्हर येतो!

प्रश्न : आम्ही डेट्रॉइटजवळ नोवीला राहतो. इथे सगळे हिला ‘कुठेच न जाणारी गाडी’ म्हणून हसतात. एवढा खर्च करून नुसती गोल फिरते, हे फसलेलंच नाही का? तुम्ही उगाच कौतुक करताय. (एक वाचक)

मेल कडक होता, थोडा गाळून छापलाय. तुमचं अर्धं बरोबर आहे.

गोल फिरते हे खरंच. सुमारे 4.7 किलोमीटरचा लूप, 13 स्टेशनं, एकच रूळ, एकच दिशा, तेलाच्या घाण्यासारखी. 31 जुलै 1987 ला सुरू झाली, खर्च 20 कोटी डॉलरच्या घरात गेला, ठरला होता त्याच्या कितीतरी वर. पण ती गोल का फिरते ते बघा. 1970 च्या दशकात अमेरिकेच्या केंद्र सरकारने शहरांना म्हटलं की डाउनटाउनसाठी अशा गाड्या करा, पैसे आम्ही देतो. क्लीव्हलंड, ह्यूस्टन वगैरे बऱ्याच शहरांनी नाव दिलं आणि मागे घेतलं, शेवटी डेट्रॉइट, मायामी आणि जॅक्सनव्हिल एवढीच उरली. डेट्रॉइटला तर त्याच सुमारास 60 कोटी डॉलरचं आश्वासन होतं, मोठी रेल्वे उपनगरांतून शहरात येणार, लोक डाउनटाउनला उतरणार आणि तिथून या छोट्या गाडीने आपापल्या ऑफिसला जाणार. मोठी रेल्वे शहर आणि उपनगरांच्या भांडणात कधी झालीच नाही. छोटी झाली. म्हणजे एसटी स्टँड बांधायचं राहून गेलं आणि स्टँडवरून घरी नेणाऱ्या रिक्षाच तेवढ्या आल्या. त्या रिक्षांना नावं ठेवून काय उपयोग? तुम्हीच सांगा, नोवीहून तुम्ही डाउनटाउनला कशाने जाता? कारनेच ना, आणि पार्किंग मिळाल्यावर पुढचे तीन चौक कोण कशाला गाडीत बसेल.

आता व्हँकुव्हर बघा. तिथेही कॅनडात बनलेली हीच गाडी, हीच मोटर, मूव्हिंग ब्लॉकही तोच, 1986 च्या एक्स्पोच्या, म्हणजे तिथल्या जागतिक प्रदर्शनाच्या, आधी सुरू केली, पण ती उपनगरांतून थेट शहरात आणली आणि नंतर वाढवतच गेले. ती गच्च भरून धावते. यंत्र सारखं, रेघ वेगळी. आणि मायामीची मेट्रोमूव्हर डेट्रॉइटसारखीच छोटी, 1986 ची, पण तिच्या शेजारी मोठी मेट्रोरेल आहे, दोन स्टेशनांवर बदलता येते, शिवाय 2002 पासून फुकट. तिथे लोक रोज वापरतात.

एकेरी लूपचं दुखणं मात्र मी नाकारत नाही, ते चालवणाऱ्यांच्या डोक्याला कायमचा ताप आहे. दोन रूळ असले की एक बिघडला तर दुसऱ्यावरून काहीतरी भागवता येतं, इथे एक गाडी बसली की मागच्या सगळ्या बसल्या. 24 ऑक्टोबर 1998 ला तिथली हडसन्स ही जुनी प्रचंड दुकानाची बिल्डिंग स्फोटकं लावून पाडली, मलबा शेजारच्या या मार्गावर पडला, आणि पूर्ण लूप परत सुरू व्हायला जवळजवळ वर्ष गेलं. आणि सारखं एकाच अंगाला वळायचं म्हणजे रूळ आणि चाकं एकाच बाजूने झिजणार, चपला नाही का एकीकडून झिजत. 2008 मध्ये त्यांनी आख्ख्या गाडीची दिशाच उलटी केली होती, चढ कमी लागतात म्हणून. असा निर्णय जगात किती रेल्वेंना घेता येत असेल!

आणखी एक सुट्ट्या भागांचं. डेट्रॉइटकडे मूळचे डबे फक्त 12. या जातीचे जुने डबे आता कुठे बनत नाहीत, त्यामुळे टोरांटोची ती स्कारबरो लाइन 2023 च्या जुलैत एक डबा घसरल्यावर कायमची बंद झाली तेव्हा तिचे डबे डेट्रॉइटने विकत घेतले. आपल्याकडे जुन्या स्कूटरसाठी दुसरी भंगारातली स्कूटर घेऊन ठेवतात, अगदी तेच.

प्रश्न : मुंबईची मोनोरेल अशीच आहे का? (एक वाचिका, ठाणे)

नाही हो. खांबांवरून जाते एवढंच सारखं. मोनोरेलमध्ये केबिनमध्ये चालक बसतो. आपल्या देशात खरी बिनड्रायव्हर सेवा आधी दिल्लीत आली, 28 डिसेंबर 2020 ला, मजेंटा लाइनवर. मोनोरेलवर खूप मेल येतात, पण तो वेगळाच विषय आहे, पुन्हा कधीतरी.

प्रश्न : उन्हाळ्यात मुलीकडे डेट्रॉइटला जातोय, मी 71, सौ. 68. आम्हाला दोघांना एकट्याने या गाडीत बसता येईल का? हरवलो तर? (एक वाचक, सांगली)

काका, हरवूच शकत नाही! एकच दिशा, गोल. उतरायचं स्टेशन चुकलं तर बसून राहायचं, पाव तासात तेच स्टेशन परत येतं. 2024 पासून तिकीटही नाही, आधी 75 सेंट होतं आणि सुट्टी नाणी शोधत लोक दाराशी उभे असायचे. फक्त जायच्या आधी मुलीला वेळा बघायला सांगा, कधी कधी कामासाठी बंद असते. ग्रीकटाउनला उतरून जेवा, आणि रेनेसान्स सेंटरच्या उंच टॉवर्सकडून पुढे जाताना डावी-उजवी दोन्हीकडे बघा, नदीपलीकडे दिसतं ते कॅनडा. स्टेशनांवर टाइल्सची मोठमोठी चित्रं आहेत, काकूंना ती आवडतील. आणि पुढच्या काचेची जागा मोकळी असेल तर लाजू नका, लगेच धरा, लहान मुलं चढली की मिळत नाही.