अॅब्लेशन करून महिनाभराने धडधड परत आली, पैसे पाण्यात गेले का?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, माझे बाबा 64 वर्षांचे, बीपी आहे. गेल्या दिवाळीपासून सतत एएफ (एट्रियल फिब्रिलेशन), म्हणजे ठोके कायम अनियमित, एक जिना चढले तरी दम लागायचा. शॉक देऊन ठोके जागेवर आणले पण तीन आठवड्यांत परत तेच, म्हणून अॅब्लेशन (हृदयात आतून डाग देऊन ठोके सुधारायची प्रक्रिया) केलं. महिनाभर छान गेला आणि आता पाचव्या आठवड्यात परत धडधड. बाबा म्हणतात सगळं फुकट गेलं, रक्त पातळ व्हायची गोळी पण बंद करतो. मी एकटीच सगळं बघते, काय करू? (एक वाचक, सांगली)

उत्तर: ताई, आधी गोळीचं बोलू. ती अजिबात बंद करू देऊ नका, एक दिवस पण नाही. एएफमध्ये हृदयाचा वरचा कप्पा नीट आकुंचन पावत नाही, नुसता थरथरतो, मग तिथे रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की लकवा. अॅब्लेशननंतर तर आतून ताजी जखम असते, त्यामुळे पहिले दोन महिने तरी गोळी सगळ्यांनाच लागते. पुढे चालू ठेवायची की नाही हे वय, बीपी, शुगर बघून ठरतं, ठोके सरळ झालेत का यावरून नाही. बाबांना बीपी आहे आणि 65 लागलं की धोका अजून वाढलेला धरतात.

आता धडधडीचं. फुफ्फुसातून हृदयात येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी बहुतेक वेळा ही गडबड सुरू होते, हे 1998 मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी दाखवलं. अॅब्लेशनमध्ये त्या तोंडांभोवती डाग देऊन करंट अडवतात, पण डाग पक्का व्हायला आठवडे लागतात आणि तोवर तिथली सूजच ठोके बिघडवू शकते. म्हणून पहिल्या दोन-तीन महिन्यांतल्या धडधडीवरून फेल झालं असं आम्ही धरत नाही. पण घरी बसून वाट पण बघू नका, धडधड चालू असतानाच ईसीजी काढून घ्या आणि डॉक्टरांना दाखवा, औषध बदलतील किंवा परत शॉक देतील.

खरं सांगायचं तर सतत राहणारा एएफ चिवटच असतो, कप्पा ताणलेला असतो ना. 2015 मध्ये 589 पेशंटचा एक मोठा अभ्यास आला, त्यात नुसते शिरांच्या तोंडाभोवती डाग दिल्यावर दीड वर्षाने 59 टक्के लोकांना एएफ परत आला नव्हता, आणि जास्तीचे डाग देऊन काही फायदा झाला नाही. म्हणजे काहींना दुसऱ्यांदा करावं लागतं, हे आधीच कुणीतरी समजावून सांगायला हवं होतं, तुमची घालमेल कमी झाली असती. बाबा जोरात घोरतात का, मध्येच श्वास अडकून दचकून उठतात का, हे एक रात्र जागून बघा, कारण स्लीप अॅप्निया (झोपेत श्वास अडकणं) आणि वाढलेलं वजन तसंच राहिलं तर एएफ परत यायची शक्यता वाढते. दारू घेत असतील तर बंदच.

आणि एक गोष्ट फ्रिजवर लिहून चिकटवा. अॅब्लेशननंतर दोन महिन्यांपर्यंत ताप आला, गिळताना छातीत दुखलं, रक्ताची उलटी झाली, बोलताना जीभ अडखळली, तर व्हायरल असेल म्हणून थांबू नका. फार क्वचित अन्ननलिका आणि हृदयाच्या मध्ये भोक पडतं आणि ते जीवावर बेततं. सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या, दारातच सांगा की अॅब्लेशन झालंय, आणि तोंडातून दुर्बीण घालायच्या आधी छातीचा सीटी स्कॅन करायला सांगा.