रिकॉलचा वर्ग आणि तुमची पहिली नोकरी

प्रश्न : मी अमेरिकेत अन्नविज्ञानात एम.एस. करीत आहे. एका मुलाखतीत मला विचारले, की डार्क चॉकलेटच्या वेष्टनावर दुधाचा उल्लेख राहून गेला, तर रिकॉल, म्हणजे विकलेला माल परत मागवणे, कोणत्या वर्गात जाईल? माल स्वच्छ आहे, चूक केवळ छपाईची आहे, म्हणून मी ‘तिसऱ्या’ असे सांगितले आणि नोकरी हुकली. आता गुणवत्ता विभागाचा नाद सोडून प्रयोगशाळेत जावे का?

उत्तर : तुमचे उत्तर चुकले हे खरे, पण त्यावरून आपण या कामाला लायक नाही असे ठरवणे ही त्याहून महागात पडणारी चूक होईल. तुम्ही कारखान्यात काय बिघडले ते पाहिलेत आणि ते किरकोळ वाटले. तेथील अन्न व औषध प्रशासन, म्हणजे एफडीए, वर्ग ठरवताना खाणाऱ्याचे काय होईल ते पाहते. गंभीर इजा किंवा मृत्यू ओढवण्याची रास्त शक्यता असेल तर पहिला वर्ग. तात्पुरता अथवा उपचाराने बरा होणारा त्रास संभवत असेल, किंवा गंभीर परिणामाची शक्यता अगदी दूरची असेल, तर दुसरा. आणि नियमभंग झाला असूनही प्रकृतीला अपाय होण्याचा संभव नसेल, तर तिसरा. दूध हे तेथील कायद्यातील 9 प्रमुख ॲलर्जीकारक पदार्थांपैकी एक आहे. (नववा पदार्थ तीळ, त्याचा उल्लेख 2023पासून सक्तीचा झाला.) दुधाची तीव्र ॲलर्जी असलेल्या मुलाचे पालक वेष्टन वाचूनच चॉकलेट त्याच्या हाती देतात, म्हणजे त्या मुलापुरते छापील अक्षर हेच संरक्षण असते. त्यामुळे असा रिकॉल बहुधा पहिल्या वर्गात जातो. दुधाचा अंश फारच थोडा असेल तर दुसऱ्या.

हा निर्णय एफडीएच्या तज्ज्ञांच्या समितीने केलेल्या मूल्यमापनावरून होतो. कोणी आजारी पडले आहे का, लहान मुलांसारख्या नाजूक गटांना धोका किती, परिणाम किती गंभीर आणि तो घडण्याचा संभव किती, असे प्रश्न ती तपासते. मांस व कोंबडीचे पदार्थ मात्र कृषी खात्याच्या एफएसआयएस या यंत्रणेकडे असतात. तिचेही वर्ग तीनच आहेत. ‘ग्राहक शिजवूनच खाणार’ हा युक्तिवाद तेथे नेहमी टिकत नाही. अर्धवट शिजलेल्या हॅम्बर्गरमधून 1993 साली झालेल्या साथीत मुले दगावल्यावर, 1994पासून गोमांसाच्या कच्च्या खिम्यातील ई. कोलाय ओ157:एच7 हा जिवाणू भेसळ मानला जाऊ लागला.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. बहुतेक रिकॉल कंपनी स्वतःच सुरू करते आणि वर्ग नंतर जाहीर होतो. सक्तीने माल परत मागवायला लावण्याचा सर्वसाधारण अधिकार एफडीएला 2011च्या कायद्याने मिळाला, पण त्याचा वापर क्वचितच होतो. गंभीर धोका आढळल्यास कारखान्याने 24 तासांच्या आत कळवणे अपेक्षित असते. म्हणजे वर्गाची वाट पाहत बसणारा गुणवत्ता अधिकारी उशीरच करतो.

यासाठीच माझा सल्ला प्रयोगशाळेच्या विरुद्ध आहे. प्रयोगशाळा वाईट नाही, परंतु तेथे नमुना येतो, माल कोठून आला आणि कोठे गेला हे येत नाही. पहिली दोन वर्षे एखाद्या उत्पादन कारखान्याच्या गुणवत्ता विभागात, शक्य असल्यास रात्रपाळीतही, काढावीत. लॉट क्रमांकावरून कच्चा माल आणि विकलेला माल दोन्हीकडे शोधता येणे, जुन्या छपाईची वेष्टने यंत्रावर चुकून चढणार नाहीत हे पाहणे आणि लुटुपुटीच्या रिकॉलचा सराव करणे, हे तेथेच शिकता येते. सोबत पीसीक्यूआयचे, म्हणजे अन्नातील धोके टाळण्याच्या उपायांसाठी पात्र व्यक्ती होण्याचे, प्रशिक्षण करून घ्यावे. काही दिवसांचेच असते आणि अन्नसुरक्षा आराखडा अशा प्रशिक्षित व्यक्तीकडून किंवा तिच्या देखरेखीखाली तयार व्हावा लागतो. सरकारी यंत्रणेतील पदांना सर्वसाधारणपणे अमेरिकी नागरिकत्व लागते, म्हणून तूर्त तो विचार बाजूला ठेवावा.

पुढच्या मुलाखतीत असा प्रश्न आला, तर वर्ग सांगण्याआधी तुम्हीच विचारा : दूध किती आढळले, माल ग्राहकांपर्यंत पोहोचला आहे का आणि कोणाला त्रास झाल्याची नोंद आहे का?