शॉकर नंतर बघा, आधी टायर बघा : बजेटमधल्या एमटीबीबद्दल (माउंटन बाइकबद्दल) तुमचे प्रश्न

यावेळी बहुतेक प्रश्न एकाच छापाचे आलेत. घरातल्या सगळ्यांनी मिळून सुट्टीच्या दिवशी दहा-पंधरा किलोमीटर फिरायचंय, थोडा डांबरी रस्ता, थोडी कच्ची वाट, आणि बजेट मोजकंच. म्हणून सगळे एकत्रच घेतो.

प्रश्न : एकाच किमतीत दोन सायकली बघितल्या. एकीला पुढे-मागे दोन्हीकडे शॉकर आणि २१ गिअर, दुसरीला फक्त पुढे शॉकर आणि ८ गिअर. दुकानदार म्हणतो पहिलीत जास्त मिळतंय. घेऊ का?

नका घेऊ. "जास्त मिळतंय" हे खरंय, पण काय जास्त मिळतंय ते बघा ना, वजन जास्त मिळतंय. पैसे तेवढेच असतील आणि त्यात मागचा शॉकर, त्याचे जॉइंट, बुश हे सगळं बसवायचं असेल तर कंपनी कुठेतरी हात आखडणारच, आणि तो हात आखडतो चाकांत, ब्रेकमध्ये आणि बेअरिंगमध्ये, म्हणजे नेमकं जिथे आखडायला नको तिथे. स्वस्तातल्या डबल शॉकरवाल्या सायकली १७-१८ किलोपर्यंत जातात. आणि त्या मागच्या शॉकरमध्ये बऱ्याचदा नुसती स्प्रिंग असते, तिला आवरणारं डँपिंग नसतंच, त्यामुळे चढावर तुम्ही पॅडल मारलं की सायकल घोड्यासारखी वरखाली होते आणि तुमची बरीच ताकद स्प्रिंग दाबण्यात जाते. गंमत म्हणजे अशा काही सायकलींवर बारीक अक्षरात स्टिकर असतो की ही ऑफ-रोड वापरासाठी नाही! दिसायला डोंगर, आत सपाटी.

पुढच्या शॉकरबद्दलही थोडं बोलतो. या बजेटमधला पुढचा शॉकर म्हणजे ८० ते १०० मिलिमीटर खेळाचा स्प्रिंगवाला चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क), आणि तो एकटाच अडीच किलोच्या आसपास भरू शकतो. वाईट नाही, पण त्याच्यावर भाळू नका. बिनशॉकरची, साध्या चिमट्याची, रुंद टायरची सायकल दिसली तर मी तीच घेईन. २.१ इंची टायर असेल आणि त्यात हवा योग्य असेल तर तुम्ही ज्या वाटांवर जाणार तिथले धक्के टायरच खातो. हवा दगडासारखी टाइट भरायची आणि मग सायकल आदळते म्हणून शॉकर शोधत फिरायचं, हा प्रकार मी इतक्या वेळा बघितलाय! मोठ्या माणसाला ३० ते ४० पीएसआय (हवेचा दाब) पुष्कळ होतं, मुलांना त्याहून कमी. फक्त टायरच्या बाजूला छापलेल्या मर्यादेच्या आत रहा.

आणि शॉकरशिवाय डोंगर उतरता येत नाही असं वाटत असेल तर एक किस्सा. हा खेळ जिथे आकाराला आला त्या कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत २१ ऑक्टोबर १९७६ ला पोरांनी रिपॅक नावाच्या कच्च्या उतारावर पहिली रेस लावली, ती जुन्या, जड, रुंद टायरच्या सायकलींवर. शॉकर नाहीच, ब्रेक मागच्या चाकाच्या हबमधला (हब म्हणजे चाकाचा मधला भाग), पॅडल उलटं दाबलं की लागणारा. एका उतारातच हब एवढा तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि नवीन भरायला (इंग्रजीत रिपॅक करायला) लागायचं, म्हणून त्या रस्त्याचं नावच रिपॅक पडलं. पुढच्या शॉकरचे चिमटे सर्रास विकत मिळायला लागले ते १९९० च्या आसपास. म्हणजे आपल्या रविवारच्या फेरीला काही अडत नाही.

प्रश्न : चाक २६, २७.५ की २९? माझी उंची चांगली आहे पण बायको पाच फुटाला जेमतेम एक इंच जास्त. दोघांना एकच साइज घेतली तर ट्यूब-टायर एकसारखे राहतील.

ट्यूबसाठी सायकल घेऊ नका हो. स्पेअर ट्यूब दोन ठेवा, विषय संपला. मोठं चाक खड्ड्यावरून सहज जातं हे खरं, पण बुटक्या माणसाला २९ ची सायकल म्हणजे पुढचा भाग उंच, हँडल वळवताना बूट पुढच्या चाकाला लागू शकतो. तुम्ही २९ घ्या, त्यांना २७.५ किंवा २६ बघा.

पण चाकापेक्षा फ्रेमची साइज महत्त्वाची आणि तिथेच लोक चुकतात. सायकलच्या दांड्यावर दोन्ही बाजूला पाय टाकून उभं रहायचं, दोन्ही पाय जमिनीवर सपाट. दांडा आणि तुमच्यात कमीत कमी पाच सेंटीमीटर जागा पाहिजे, कच्च्या वाटेवर एकदम उतरायला लागतं तेव्हा ती जागा कामाला येते. मग सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवायची, पॅडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. त्यासाठी सीटचा पाइप त्याच्यावरच्या खुणेपेक्षा वर काढायला लागत असेल तर फ्रेम लहान आहे. ही खूण शोभेसाठी नाही, तिच्यावर पाइप काढला की फ्रेम तडकते.

टायर पुढे कधी बदलायचा झाला तर "२७.५" एवढंच सांगू नका, बाजूला ५४-५८४ असा आकडा असतो तो सांगा. पहिला रुंदीचा, दुसरा रिमचा, मिलिमीटरमध्ये. २६ चा ५५९, २९ चा ६२२. हा रिमचा आकडा जुळला की टायर रिमवर बसणारच.

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची आहे. वाढतं वय आहे म्हणून एकदम मोठ्यांचीच छोट्या फ्रेमची सायकल घ्यावी असं घरात म्हणतायत.

ताई, घरच्यांना माझ्याकडून नाही म्हणून सांगा. वाढत्या मापाचा फ्रॉक घेतला तर फार तर ढगळ दिसतो, सायकल मोठी घेतली तर पोरगी पडते. तिचे पाय टेकत नाहीत, बोटं ब्रेकच्या लिव्हरपर्यंत पुरत नाहीत, आणि दोन वेळा आपटली की सायकल म्हटलं तरी तोंड फिरवते, मग ती "जास्त वर्षं टिकणारी" सायकल कोपऱ्यात उभी. उंची १.३० मीटरच्या आसपास असेल तर २४ इंची चाक, त्याच्या खाली २० इंची.

मुलांच्या सायकलीत मी सगळ्यात आधी वजन बघतो. सरळ हिशोब करा. मुलीचं वजन २८ किलो आणि सायकल १४ किलोची, म्हणजे तिच्या निम्मी. तुमचं वजन ७० असेल तर तुम्हाला ३५ किलोची सायकल देऊन चढ चढायला सांगितल्यासारखं आहे ते! म्हणून लहान मुलांच्या सायकलीला शॉकर असेल तर मी ती बाजूलाच ठेवतो, त्यांच्या वजनाने तो दबत पण नाही, नुसतं ओझं. अॅल्युमिनियमची फ्रेम, साधा चिमटा, पुढे पॅडलपाशी दातांचं एकच चक्र. दुकानात तिला ब्रेक दाबायला लावा, दोन बोटांनी चाक थांबवता आलं पाहिजे. लिव्हर लांब असेल तर बहुतेक लिव्हरला छोटा स्क्रू असतो, तो फिरवला की लिव्हर जवळ येते, दुकानदाराला तिथेच करायला सांगा.

फॅमिली राइडचा वेग सगळ्यात लहान मेंबर ठरवतो, त्यामुळे बजेट वाटून घेताना तुमच्या सायकलीतले थोडे कमी करून तिच्या सायकलीत घाला. हे मी सगळ्यांना सांगतो आणि कोणी ऐकत नाही.

प्रश्न : डिस्क ब्रेक पाहिजेच का?

पावसात, चिखलात जाणार असाल तर फायदा आहे, कारण व्ही ब्रेक रिमला घासतो आणि रिम ओली झाली की पहिल्या एकदोन फेऱ्यांत पकडच येत नाही. कोरड्यात चांगला व्ही ब्रेक अगदी पुरेसा, हलका, आणि रबर बदलणं दहा मिनिटांचं काम. माझा क्रम असा : ऑइलवाला डिस्क परवडला तर तो, नाहीतर चांगला व्ही ब्रेक, आणि स्वस्तातला वायरवाला डिस्क शेवटी. त्या वायरवाल्यात बहुतेक वेळा एकच पॅड हलतो, तो डिस्कला वाकवून दुसऱ्या पॅडवर दाबतो, पॅड झिजले की दरवेळी हाताने सेट करत बसा, नाही केलं की खर्रर्र आवाज किंवा ब्रेकच नाही. ऑइलवाला स्वतःच अॅडजस्ट होतो. फक्त चाक काढलेलं असताना लिव्हर दाबू नका आणि चेनला तेल सोडताना डिस्कवर थेंब उडू देऊ नका, पॅडने तेल प्यायलं की संपला.

प्रश्न : ८ गिअर म्हणजे २१ पेक्षा कमी नाहीत का? चढ चढेल?

२१ हा आकडा बॉक्सवर छापायला बरा. पुढे ४२-३४-२४ दात आणि मागे १४ ते २८ असा नेहमीचा २१ चा सेट घ्या. आता २४ ला १४ बघा, ३४ ला २० बघा आणि ४२ ला २४ बघा, भागाकार केलात तर तिन्हीचं उत्तर १.७ च्या आसपास येतं. म्हणजे तीन वेगळे गिअर वाटतायत पण पायाला एकच. असे डबल वजा केले, चेन तिरकी जाते म्हणून वापरू नयेत असे वजा केले, की उरतात दहा-बाराच.

चढासाठी फक्त सगळ्यात हलका गिअर बघायचा. २१ वाल्यात २४ भागिले २८, म्हणजे ०.८६. पुढे एकच ३२ आणि मागे मोठं चक्र ४० असेल तर ०.८, म्हणजे अजून हलका! शिवाय पुढचा शिफ्टर नाही, डाव्या हाताला काही काम नाही, चेन पडायची कटकट कमी, आणि मुलाला शिकवायला सोपं, "जड वाटलं तर हलका कर" एवढंच. मागचं मोठं चक्र ३४ पेक्षा लहान असेल आणि पुढे एकच असेल तर मात्र विचार करा, तुमच्याकडे चढ असतील तर मुलांची दमछाक होईल.

अजून एक, मागे फ्रीव्हील आहे की कॅसेट (हबवर सरकवून बसवलेला चक्रांचा संच) हे विचारा. ७ गिअरवाल्यात बऱ्याचदा हबवर आट्याने बसणारं फ्रीव्हील असतं, त्यात उजव्या बाजूचं बेअरिंग आत राहतं आणि अॅक्सलचा तुकडा आधाराशिवाय बाहेर, वजनदार माणूस खड्ड्यात आदळला की अॅक्सल वाकतो. कॅसेटच्या हबमध्ये बेअरिंग पार कडेला असतं. ८० किलोच्या वर असाल तर कॅसेटच बघा.

प्रश्न : दीड वर्षाच्या मुलाला मागे चाइल्ड सीट लावून नेता येईल का?

येईल, पण सायकल घ्यायच्या आधी सीट ठरवा. फ्रेमला क्लॅम्प होणाऱ्या सीटला सीटखालचा उभा पाइप गोल आणि मोकळा लागतो, तिथे केबल किंवा वेडावाकडा आकार असेल तर बसत नाही. मागे शॉकर असेल तर विसरा. बऱ्याच सीटची मर्यादा २२ किलो मुलाची असते, तुमच्या सीटवर छापलेली बघा. तुमची स्वतःची सीट स्प्रिंगवाली असेल तर बदला, मागे बसलेल्याची बोटं बरोबर त्या स्प्रिंगमध्ये जातात. आणि स्टँडवर लावून मुलाला बसलेलं सोडून हेल्मेट आणायला जायचं नाही, एक सेकंद पण नाही.

प्रश्न : जेलची सीट घेतली तरी बूड दुखतं.

पहिले चार-पाच राइड दुखणारच. नंतरही दुखलं तर जेल काढून थोडी कडक सीट लावून बघा, मऊ सीटमध्ये हाडं रुततात. आणि सीट सपाट आहे ना?

प्रश्न : सेकंडहँड चांगली मिळतेय, काय बघू?

याच बजेटमध्ये सगळ्यात चांगली सायकल बऱ्याचदा जुनीच मिळते, त्यामुळे शाबास. हँडलजवळचे फ्रेमचे जोड बघा, तिथला रंग केसाएवढा जरी तडकलेला किंवा खालच्या दांड्याला सुरकुती पडलेली दिसली तर नमस्कार करून निघा. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा, खटखट लागली तर हेडचे (हँडल जिथे फ्रेममध्ये फिरतं तिथले) वाटी-छर्रे ढिले किंवा गेलेले. क्रँक (पॅडल जिला जोडलेलं असतं ती दांडी) आडवी हलवून बघा, हलायला नको. चाक उचलून फिरवा, थोडा आऊट असेल तर काढता येतो, पण रिम ब्रेकने घासून आत खोलगट झाली असेल तर चाकच बदलायला लागेल. चेनवर पट्टी ठेवा, एका पिनपासून २४ पिना मोजल्या की बरोबर १२ इंच यायला पाहिजेत. एक सोळांश जास्त आलं तर चेन गेली, एक अष्टमांश आलं तर मागची चक्रं पण गेली, तेवढे पैसे कमी करून मागा. सीटचा पाइप आणि हँडल हलतात का तेही बघा, जाम झालेला पाइप काढणं म्हणजे नको ते.

प्रश्न : ऑनलाइन मागवली, बॉक्समधून येणार आहे. घरी जोडता येईल?

ॲलन कीचा सेट आणि १५ चा पान्हा असेल तर येईल, तरी मेकॅनिककडून एकदा बघून घ्या. चिमटा उलटा बसलेल्या सायकली मी इतक्या बघितल्यात की आता हसू पण येत नाही. पाय चाकाला लागत असेल किंवा पुढचे व्ही ब्रेक मागच्या बाजूला दिसत असतील तर चिमटा उलटाय. पहिल्या महिन्यात वायरी सैल पडतात, गिअर उड्या मारतात, सायकल बिघडलेली नाही, फक्त ताणून घ्यायच्या. आणि पॅडल. त्याच्यावर एल आणि आर लिहिलेलं असतं, डाव्याचे आटे उलटे असतात. कुठल्या बाजूला फिरवायचं ते लक्षात राहत नसेल तर दोन्ही बाजूंना पान्ह्याचं वरचं टोक पुढच्या चाकाकडे ढकलायचं, पॅडल आवळलं जातं. आधी हाताने तीन-चार आटे गेले पाहिजेत, जोर लागतोय असं वाटलं की थांबा, क्रँकचे आटे एकदा गेले की क्रँकच नवीन लागते.