कवडशातली धूळ पोरांना कशी सांगावी

भाऊ, टिनाच्या भोकातून आलेल्या कवडशात धूळ नाचते, ते पाहून ‘हा उजेडाचा दाब’ असं पोरांना सांगू नको. ती हवेची करामत. यवतमाळच्या मे महिन्यातल्या उन्हाचाही काळ्या पत्र्यावर दाब चौरस मीटरला जेमतेम तीन-साडेतीन मायक्रोन्यूटन (न्यूटन या बलाच्या एककाचा दहा लाखावा भाग)!

उजेडाच्या जोराची खरी गंमत लेझरची. भिंगानं एकवटलेल्या किरणात पाण्यातला काचेचा सूक्ष्म मणी प्रकाश वळवतो आणि त्या प्रतिक्रियेनं स्वतःच दाट उजेडाकडे ओढला जातो. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ आर्थर अ‍ॅश्किननं 1970 साली लेझरनं मणी ढकलून दाखवले, 1986 मध्ये एकाच किरणाचा, मणी धरून ठेवणारा चिमटा केला. नोबेल मात्र 2018 ला. शाळेत लेझरची भानगड नको, डोळे जातील. फळ्यावर बाण काढ: किरण कुठे वळला, मणी कुठे सरकला.