रिंगा नव्या, तरी इंजिन तेल खातं

प्रश्न : जुन्या अँबॅसडरच्या 1489 सीसी पेट्रोल इंजिनात पिस्टनवर नव्या रिंगा टाकल्या, तरी निळा धूर येतो. चूक कुठे झाली असेल?

उत्तर : आधी धूर केव्हा येतो ते पाहा. उतारावर पाय काढून पुन्हा रेस दिल्यावर भपकारा आला, तर व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो त्या नळ्या) झिजलेत. या इंजिनात व्हॉल्व्हच्या दांड्यावर, कॉटरखाली (स्प्रिंग दांड्यावर अडकवून ठेवणाऱ्या खिळीखाली) छोटी रबरी रिंग असते. ती कडक होते. हेड उघडलं की नवीच घाला.

चढावर सतत धूर असेल, तर दोष सिलिंडरचा. गुळगुळीत बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भोकात, नवी रिंग भिंतीला नीट चिकटून बसतच नाही. साधारण 220 ग्रिटच्या (खरखरीतपणाच्या मापाच्या) दगडाने होनिंग करून, म्हणजे आतली भिंत घासून, 45 अंशांच्या तिरप्या रेघा उमटवा. मग गरम पाणी आणि साबणाने घासून धुवा, पांढरं फडकं स्वच्छ निघेपर्यंत. पेट्रोलने पुसणं पुरत नाही. राहिलेली कुरुंद पूड रिंगा खाते. बोअर टेपर (वर-खाली वेगळ्या मापाचा) किंवा ओव्हल (लंबगोल) असेल तर मात्र रिबोअर (बोअर मोठा कापणं) आणि ओव्हरसाइज, म्हणजे मोठ्या मापाचे, पिस्टनच हवेत.

रिंगेच्या दोन टोकांमधली फट बोअरमध्येच मोजा : 73 मिमी बोअरला सुमारे 0.30 मिमी. सुरुवातीला साधं मिनरल तेल वापरा, सिंथेटिक नको. आणि इंजिन तासन् तास आयडलवर (गाडी उभी ठेवून, रेस न देता) ठेवू नका. दाब नसला की रिंगा बसत नाहीत, बोअर चकाकतो.