चांगल्या सूचनांनी फुगलेला प्रकल्प

प्रश्न : शालेय विद्यार्थ्यांसाठी विज्ञानातील संज्ञांचा छोटा कोश करण्याचे आम्ही काही शिक्षकांनी ठरवले. पुढे त्यात उच्चारांचे ध्वनिमुद्रण, व्युत्पत्ती, शास्त्रज्ञांची चरित्रे आणि मोबाइल अ‍ॅप यांची भर पडली. प्रत्येक सूचना चांगलीच वाटते, पण कोश काही पूर्ण होत नाही. नकार द्यायचा तो कशाच्या आधारे?

उत्तर : टाकाऊ सूचना बैठकीतच गळून पडतात, प्रकल्प फुगतो तो चांगल्या सूचनांनीच. त्यामुळे सूचना चांगली आहे का, हे विचारण्यापेक्षा ती वगळल्यास वापरणाऱ्याचे काय अडेल, हे विचारावे. आठवीतील विद्यार्थी धडा वाचताना एखाद्या संज्ञेपाशी थांबला, तर त्याला अर्थ, उदाहरण आणि क्वचित आकृती लागेल. व्युत्पत्तीवाचून त्याचे काहीही अडणार नाही. ती आपल्याला, म्हणजे शिक्षकांना, हवी असते.

एकोणिसाव्या शतकातील इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेज यांचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. गणिती कोष्टके बिनचूक तयार व्हावीत, या मर्यादित हेतूने त्यांनी हाती घेतलेल्या यंत्राला ब्रिटिश सरकारने 1823 पासून पैसा पुरवला. मुख्य कारागिराशी झालेल्या वादामुळे काम थांबले हे खरे. परंतु 1834 च्या सुमारास बॅबेज यांना कोणतेही गणित करू शकणाऱ्या, कितीतरी अधिक व्यापक यंत्राची कल्पना सुचली आणि पहिले यंत्र मागेच पडले. सुमारे 17,000 पौंड खर्च झाल्यावर 1842 मध्ये सरकारने हात काढून घेतला. बॅबेज यांच्या यंत्राविषयी वाचून प्रेरित झालेल्या स्वीडनमधील गेऑर्ग शॉइट्झ यांनी मुलाच्या साहाय्याने साध्या बांधणीचे यंत्र 1853 मध्ये पूर्ण केले, आणि ते कोष्टके छापू लागले. बॅबेज यांची दुसरी कल्पना थोर होती, यात शंका नाही. पण कोष्टकांची गरज असलेल्या माणसाला तिचा त्या वेळी उपयोग नव्हता.

मात्र आकार वाढला म्हणजे उद्दिष्ट सुटले, असे समजू नये. ऑक्सफर्डचा इंग्रजी कोश 1879 च्या करारानुसार दहा वर्षांत व्हायचा होता, तो 1928 मध्ये पुरा झाला. प्रत्येक शब्दाचा इतिहास अवतरणांसह नोंदवणे हेच त्याचे काम होते आणि ते कामच अंदाजापेक्षा मोठे निघाले. शिवाय पहिला भाग 1884 मध्येच प्रसिद्ध झाल्याने वाचकांना पूर्ण कोशाची वाट पाहावी लागली नाही.

आपणही कोश कोणासाठी आणि कोणत्या प्रसंगी उपयोगी पडावा, हे एका वाक्यात लिहून सर्वांची संमती घ्यावी. त्यात न बसणाऱ्या सूचना वेगळ्या वहीत उतरवाव्यात, म्हणजे सूचना करणाऱ्याचाही मान राहतो. मग केवळ भौतिकशास्त्राच्या संज्ञांचा भाग छापून वर्गात द्यावा. ती वही पुन्हा उघडायची, ती विद्यार्थ्यांनी काय मागितले हे कळल्यानंतरच.